लंडनला लेकीकडे जाताना

हल्ली कुठल्याही गावात जा, चार घरांआड एक घर असे सापडतेच की ज्या घरचे मूल परदेशात आहे. हळदीकुंकवाला चौघी जमल्या की ‘आमचा ह्यूस्टनला’, ‘आमची सिंगापूरला’ असे सुरू होते. मग एक दिवस फोन येतो, “आई, यंदा तुम्ही दोघं याच. तिकिटं मी काढते.” की घरात धांदल उडते. किती किलो सामान चालते, लोणचे नेऊ देतात का, तिकडे साडी नेसावी की पंजाबी ड्रेस शिवून घ्यावेत? जाऊन आलेली प्रत्येक बाई या प्रश्नांची उत्तरे मोठ्या हौसेने देते. पण दोन प्रश्नांबद्दल सहसा कुणी बोलत नाही. मूल सकाळी कामाला गेले की संध्याकाळपर्यंत तुम्ही करायचे काय? आणि त्याच्या घरात तुम्ही राहायचे ते कोण म्हणून?

२०२४ साली मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत आम्ही दोघे साताऱ्याहून लंडनला लेकीकडे राहून आलो. लेक-जावई दोघेही नोकरी करतात. वेम्ब्लीजवळ त्यांचा लहानसा फ्लॅट आहे. लंडनचा राजवाडा, मोठे घड्याळ, नदीवरचा पूल यांची वर्णने तुम्ही पुष्कळ वाचली असतील. तेव्हा मी ती सांगत बसत नाही. दोन महिने राहायचे असेल तर काय उपयोगी पडते, तेवढेच सांगते.

बॅगा भरण्याआधी

सगळ्यात आधी विमा. बॅगा नंतर. पाहुणे म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते. पण त्या देशाची सरकारी आरोग्यसेवा पाहुण्यांसाठी मोफत नाही. अचानक काही झाले तर तातडीच्या विभागात पैसे न घेता तपासतात, पण इस्पितळात दाखल करून घेतले की बिल सुरू होते, आणि तेही दीडपट दराने. तेव्हा विमा काढताना रक्तदाब, मधुमेह असेल तर न लपवता लिहा. लपवलेला आजार ऐन वेळी विमा कंपनीला हवाच असतो! पूर्ण मुक्कामाची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा.

आता खाऊ. आम्ही सातारकर, तेव्हा कंदी पेढ्यांचा पुडा आधी डोळ्यांपुढे येतो. पण मांस आणि दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. पेढे, खव्याच्या वड्या, तूप, पनीर सगळे घरीच ठेवा. ताज्या भाज्या आणि कढीपत्ताही नको. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पोहे, कुरडया, पापड खुशाल न्या. हापूस न्यायचा मोह होईल, तोही आवरा. २०१४च्या मे महिन्यात फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने आपल्या हापूसवरच बंदी घातली होती. ती २०१५च्या जानेवारीत उठली. तेव्हापासून हंगामात तिथल्या भारतीय दुकानांत आंब्याच्या पेट्या रचलेल्या दिसतात.

मिक्सर न्यायचा असेल तर वीज आपल्यासारखीच आहे, मात्र प्लगच्या पिना चपट्या असतात. जोड-प्लग घेऊन जा. लेकीकडे इंडक्शनची शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा साधा कुकर तिच्यावर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटणारे भांडे लागते. एवढे फोनवर विचारून घेतले की सामानाचे तीन किलो वाचतात.

घर लेकीचे, ओटाही लेकीचा

आपल्या आजीच्या पिढीत, लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचे पाणीदेखील पीत नसत. आणि आता आपण दोन दोन महिने मुक्काम ठोकतो! काळ बदलला हे चांगलेच झाले, पण मनाच्या कोपऱ्यात थोडे अवघडलेपण उरतेच. लेकीकडे आपण यजमानीण नसतो. पाहुणी म्हणावे तर स्वस्थ बसवत नाही.

मी पहिल्याच रविवारी तिला विचारले, “बाई, तुझ्या घरातलं कुठलं काम माझ्याकडे देतेस?” तिने दोन कामे दिली. संध्याकाळची भाजी-कोशिंबीर, आणि यंत्रातून निघालेले कपडे वाळत घालणे. बाकीचे त्यांचे ते ठरलेले होते. ती रविवारी आठवड्याची आमटी-उसळ करून डब्यांत भरून थंड पेटीत ठेवते. रोज रात्री भांडी जावई लावतात. “आई, तुम्ही बसा, हे माझं खातं,” असे ते म्हणाले तेव्हा आमच्या ह्यांच्या भुवया जरा वर गेल्या. चौथ्या दिवशी हेच टॉवेल घेऊन भांडी पुसायला उभे राहिले. साताऱ्यात हे दृश्य मी बत्तीस वर्षांत पाहिलेले नव्हते.

तेव्हा माझे सांगणे एवढेच, की काम मागून घ्या, पण डब्यांच्या जागा बदलू नका. तिची डाळ खालच्या फळीवर असेल तर ती तिथेच असू द्या. तिच्या संसाराची घडी तिने घातलेली आहे.

काही गोष्टी मात्र आधी माहीत असलेल्या बऱ्या. स्वयंपाकघराच्या आसपास छताला एक पांढरी, वाटीएवढी डबी असते. तो धुराचा भोंगा. आपली मिरचीची फोडणी त्याला आग वाटते आणि तो सारी इमारत डोक्यावर घेतो. फोडणीआधी वरचा पंखा लावायचा, खिडकी उघडायची आणि खोलीचे दार लावून घ्यायचे. न्हाणीघराच्या जमिनीला बहुधा मोरी नसते. खाली सांडलेले पाणी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छतात उतरू शकते, तेव्हा अंघोळ टबात, पडदा आत सोडून करायची. नळाचे पाणी बिनधास्त प्यावे, उकळायला नको. मात्र ते जड आहे. चहाच्या किटलीत पांढरे कीट धरते, अधूनमधून लिंबू किंवा व्हिनेगर घालून उकळले की निघते. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा असतो, आणि कुठल्या डब्यात काय हे दर भागाची नगरपालिका ठरवते. हे मात्र लेकीकडून नीट शिकून घ्या.

दिवस संपता संपत नाही

सकाळी साडेसातला दोघे बाहेर पडत आणि संध्याकाळी सातला परत येत. मधले साडेअकरा तास आमचे. तिकडे जूनमध्ये पावणेपाचला उजाडते आणि सूर्य मावळतो रात्री नऊ वाजून गेल्यावर. एवढा उजेड, आणि आवाज म्हणून नाही. भाजीवाली नाही, कामवाली नाही, ‘काकू, आहात का?’ म्हणत कुणी डोकावत नाही. बेल वाजलीच तर पार्सलवाल्याची. साताऱ्याला फोन करावा म्हटले तर उन्हाळ्यात साडेचार तासांचे अंतर. आपली दुपार उजाडेपर्यंत तिकडे चहाची वेळ होते, आणि आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची जेवायची.

पहिला आठवडा नव्या नवलाईत जातो. दुसऱ्या आठवड्यात भिंती जवळ येऊ लागतात. आणि याचा भार कुणावर पडतो ठाऊक आहे? दमून आलेल्या लेकीवर. दिवसभर वाट पाहिलेले दोन चेहरे दारात उभे. ती बिचारी चहाही न घेता विचारते, “कुठे फिरायला जाऊ या का?” आपण ‘नको’ म्हणतो, पण तोंडावरून ‘हो’ दिसते. शनिवार-रविवार तर ती आपल्याला दाखवण्यात घालवते, आणि सोमवारी आणखी दमून कामावर जाते. सुट्टी आपली, पण तिची कुठली?

यावर इलाज एकच. त्या शहरात आपल्या पायांनी फिरायला शिकायचे. आम्ही एका शनिवारी लेकीला म्हटले, “आज काही दाखवू नकोस, शिकव.” पुढे आम्ही दोघे, मागे ती दोघे. वाट चुकलो तरी बोलायचे नाही, असे ठरले. दोन तासांत आम्ही बस, भुयारी रेल्वे, परत बस असे करून घरी आलो. सोमवारपासून आमचे आम्ही.

तुम्हालाही जमेल, भ्यायचे काही नाही. बसमध्ये रोख पैसे घेणे २०१४ सालीच बंद झाले. कार्ड यंत्राला टेकवायचे. नवरा-बायको दोघांना एक कार्ड चालत नाही, ज्याचे त्याचे वेगळे लागते. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचे, रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडतानाही. एका तासाच्या आत कितीही बसा बदलल्या तरी भाडे एकदाच पडते. पुढच्या थांब्याचे नाव बसमध्ये बोलूनही सांगतात आणि पाटीवरही येते. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहायचे, डावी बाजू घाईच्या लोकांसाठी. पुढच्या बाकांवर म्हाताऱ्यांना आधी जागा. तिथली तरुण पोरे आपल्याला पाहून उठतात, तेव्हा ‘नको, नको’ करू नका, थँक यू म्हणून बसा.

एक आणखी. प्रत्येक किमतीला रुपयांनी गुणायचे सोडा. आम्ही गेलो तेव्हा पौंड १०५ रुपयांच्या आसपास होता. असे गुणत बसलो असतो तर साधा चहासुद्धा घशाखाली उतरला नसता. घरून पोळीचा डबा आणि थर्मास न्यावा, बागेत बाकावर बसून खावे. तिकडे सगळेच खातात.

फुकटात मिळणारे लंडन

त्या महाग शहरात सगळ्यात चांगल्या गोष्टी फुकट आहेत. मोठमोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांना तिकीट नाही. आत बसायला बाके, स्वच्छ स्वच्छतागृहे (आपल्या वयाला ही केवढी सोय, सांगायला नको), पाऊस आला तर आडोसा.

साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आम्ही तीनदा गेलो. टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ तिथेच आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो उचलून नेला. आम्हा सातारकरांना त्या संग्रहालयाची ओढ होती ती वाघनखांमुळे. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून ती त्याच्या वंशजांकडे गेली आणि त्यांनी संग्रहालयाला दिली. अफझलखानाच्या वेळची नखे हीच, असे खात्रीने सांगता येत नाही, हे संग्रहालय स्वतःच म्हणते. आणि गंमत पाहा, आम्ही त्यांच्या दारात, तर नखे साताऱ्याच्या वाटेवर! २०२४च्या जुलैत तीन वर्षांच्या कराराने ती महाराष्ट्रात आली आणि पहिल्यांदा मांडली गेली ती आमच्याच गावच्या संग्रहालयात. ती पाहिली आम्ही घरी परतल्यावर, रांगेत उभे राहून.

दुसरी एक जागा सांगते. चॉक फार्म स्थानकापासून थोडे चालले की किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर लागते. १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून तिथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतले, आता तिथे त्यांचे स्मारक आहे. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा पाहून घ्या. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या शिदोरीवर बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले होते. दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाई. त्या घरात उभी असताना मला आठवण झाली ती मुंबईत मागे राहिलेल्या रमाबाईंची. बोटीने येणाऱ्या पत्राची वाट पाहत त्यांनी ते दिवस कसे काढले असतील? आपण तर मुलाने दोन तास निरोपाला उत्तर दिले नाही तर कासावीस होतो!

तिथून जवळच प्रिमरोज हिल नावाची टेकडी आहे. वर बसले की सारे शहर समोर. आणि कॅम्डन टाउनला उतरून २४ क्रमांकाची बस धरली तर ब्रिटिश म्युझियमच्या जवळून, ट्राफलगर चौकातून, पार्लमेंटवरून नेते. वरच्या मजल्यावर पुढची बाके मिळाली तर सहलीच्या बसचे पैसे वाचले म्हणून समजा.

घरची आठवण आली तर अल्पर्टन स्थानकाजवळचा ईलिंग रोड आहे. कोथिंबीर, मेथी, कारली, साड्या, जिलेबी, सगळे गुजराती दुकानांत. नीसडनला १९९५ साली उघडलेले स्वामीनारायणांचे संगमरवरी मंदिर आहे. आणि डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ, थेट १९३२ सालापासूनचे. तिथे आपल्यासारख्याच आया भेटतात. कुणी नाशिकची, कुणी अकोल्याची. पाच मिनिटांत सुनांची चौकशी, दहा मिनिटांत गुडघ्यांची!

आणि संध्याकाळचे काय झाले म्हणता? पूर्वी लेक आली की माझे प्रश्न ठरलेले, ‘दमलीस का? डबा खाल्लास का?’ त्यांना उत्तरेही ठरलेली. आता तीच विचारू लागली, “आज कुठे गेला होतात?” सहा वर्षे त्या शहरात राहून किंग हेन्रीज रोडवरचे ते घर तिने पाहिलेले नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही तिला घेऊन गेलो. वाट तिचे बाबा दाखवत होते.

दोन याद्यांतले एक नाव

प्रत्येक आईच्या पोटात एक प्रश्न असतो. ‘परत कधी येणार?’ तो घेऊनच मी विमानात बसले होते.

त्या वर्षी आपल्याकडे लोकसभेची निवडणूक होती. साताऱ्याचे मतदान ७ मेला झाले. आमच्या शाळेच्या केंद्रावर यादीत माझ्या नावाखाली लेकीचे नाव अजून होते. तिथल्या मुलाने विचारले, “आणि ह्या?” मी म्हटले, “त्या लंडनला असतात.” त्याने पुढच्या नावावर बोट सरकवले.

लंडनला गेल्यावर एके दिवशी टपालातून लेकीच्या नावाचे एक कार्ड आले. ४ जुलैला त्या देशाची निवडणूक होती आणि ते तिच्या मतदानाचे कार्ड होते. “तू अजून आपलीच नागरिक ना?” ह्यांनी विचारले. ती म्हणाली, “हो बाबा. पण राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना इथे राहत असतील तर मत देता येतं.” मला हे नवीनच होते.

४ जुलै गुरुवार होता, सुट्टी वगैरे काही नाही. सकाळी सातला केंद्र उघडते, म्हणून ती कामावर जाताजाता निघाली. आम्हीही बरोबर. जवळच्या चर्चचा एक हॉल. बाहेर ना पोलिसांचा बंदोबस्त, ना गर्दी. एक बाई कुत्र्याची साखळी दाराशी धरून उभी होती. तिने लेकीला नावाने हाक मारली. दोघी हसून काही बोलल्या आणि लेकीने साखळी हातात घेतली, तोवर ती आत जाऊन मत देऊन आली. मग लेक आत गेली. ओळख म्हणून तिने आपला भारताचा पासपोर्ट दाखवला. तिकडे बोटाला शाई नाही, कागदावर पेन्सिलीने फुली करायची. पाच मिनिटांत ती बाहेर आली.

माझ्या बोटावरची शाई वाढत्या नखाबरोबर टोकाकडे सरकली होती. तिची बोटे कोरी. मी तिला विचारले, “कोण गं ती कुत्रीवाली?” ती म्हणाली, “खालच्या मजल्यावरच्या. आमची जादा किल्ली त्यांच्याकडे असते. मागच्या हिवाळ्यात मी तापाने पडले होते ना, तेव्हा सूप त्यांनीच आणून दिलं.” तो ताप मला फोनवर कळला होता. सूप कळले नव्हते.

पोटातला प्रश्न मी विचारला नाही. विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते. शेजारीण जिला नावाने हाक मारते, जिची किल्ली सांभाळते, जिच्या नावाचे कार्ड टपालाने घरी येते, ती त्या गावची झालेली असते. वाईट वाटले का? वाटले. त्या दिवशी दुपारी आम्ही कुठे फिरायला गेलो नाही. पण फोनवरून ‘मी मजेत आहे’ हे सात वेळा ऐकून जे समाधान मिळत नाही, ते त्या सूपच्या गोष्टीने मिळाले. आपले मूल एकटे नाही, हे पाहायलाच तर आपण एवढ्या लांब जातो.

शेवटी इतकेच

तुमचे तिकीट आले असेल तर मे ते सप्टेंबरमधले महिने निवडा. डिसेंबरमध्ये तिकडे चारच्या आत अंधारते. चालायचे बूट इथेच घेऊन महिनाभर वापरा. साडी नेसायची तर खुशाल नेसा, कुणी पाहत नाही. पाहिलेच तर ‘सुंदर’ म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीसाठी भाजणीची थालीपिठे करून द्या, तिखट जरा बेताने. तिचे नाव नीट विचारून घ्या आणि आपल्या वहीत तिचा फोन नंबर लिहून आणा.

पुढच्या हिवाळ्यात ताप आला, तर चौकशी कुणाकडे करायची हे तुम्हाला ठाऊक असेल.